साहेबाच्या मळ्याचा पडदा

आमच्या घरात एक गोरा साहेब राहत होता. साहेब, त्याची मड्डम, दोन पोरं आणि एक कुत्रं. चुलीच्या समोरच्या भिंतीवर त्यांचं बिऱ्हाड होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत घड्या घातलेल्या कापडावर गिरणीचा छाप मारायचं काम करायचे. एकदा ऑफिसातलं जुनं सामान भंगारात निघालं, त्यात हे भलंमोठं रंगीत चित्र गुंडाळी होऊन पडलेलं होतं. ते त्यांनी मागून घेतलं, घरी आणलं, गव्हाच्या पिठाची खळ शिजवून भिंतीला चिकटवलं आणि पुढचे दोन दिवस त्याच्यासमोरून हलले नाहीत. लाकडी व्हरांडा, वेताच्या खुर्चीत रेलून बसलेला साहेब, पांढऱ्या टेबलावर किटली, कपात चहा ओतणारी मड्डम, पायरीवर खेळणारी पोरं. मागे पार डोंगरापर्यंत हिरवागार मळा. इतका हिरवा की आमच्या सोलापुरात तसलं हिरवं बघायला मिळायचं ते फक्त रंगाच्या पुडीत. खाली इंग्रजीत मोठाली अक्षरं होती. ती आमच्यातल्या कुणालाच वाचता येत नव्हती आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही.

घर दोन खोल्यांचं. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा आणि त्याच्या पाठोपाठ शेजारच्या विणकरांचे माग सुरू व्हायचे. ती मंडळी आपसांत तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी, आणि मागाशी बोलायची गरजच नव्हती, कारण तोच दिवसभर बडबडायचा. खट्‌खट् खट्‌खट्. पाहुणे विचारायचे, तुम्ही ह्या आवाजात झोपता तरी कसे? आम्हाला उलट आवाज थांबला की जाग यायची. आई ज्वारीच्या भाकऱ्या थापायची, त्यातल्या निम्म्या निखाऱ्याशी उभ्या करून कडक करून ठेवायची. आठवडाभर टिकायच्या त्या. शेंगांची चटणी उखळात कुटायला घेतली की तिखटाचा असा खकाणा उठायचा की सगळं घर शिंकत अंगणात पळायचं. आई डोळे पुसत भिंतीकडे बघून म्हणायची, "ह्यांना काय हुतंय? बसल्याती चहा पीत." मड्डमेशी तर तिचं उभं वैर होतं. "कवाधरनं एकच कप भरायलीया बाई. हिला भाकरी थापाया बसवली असती तर आमी समदी उपाशी मेलो असतो." आण्णा हसायचे. मी मात्र त्या व्हरांड्यात मनानं राहायला गेले होते. पायरीवरच्या पोरीच्या फ्रॉकला निळी फीत होती, ती माझी होती. आता सांगायला हसू येतं, पण होती खरी माझी.

भामाआत्या आण्णांची थोरली बहीण. वळसंगला राहायची. नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाही, दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. वेचणी, खुरपणी, काढणी, जे असेल ते. बाजाराच्या दिवशी एस.टी.नं आमच्याकडे यायची ती कधी मोकळ्या हातानं यायची नाही. हरभऱ्याची भाजी, ओल्या शेंगा, हुरड्याच्या दिवसात हुरडा. दारातूनच ओरडायची, "सुमे, कुटं हाईस गं?" समोरचा एक दात पडलेला होता म्हणून हसताना पदर तोंडाला लावायची, आणि सारखी हसायची, त्यामुळे पदर सारखा तोंडालाच. आई म्हणायची, "वन्सं, जरा पदर खाली सोडा की, कोन बघतंय हितं?" तर म्हणायची, "त्यो सायब बघतुया की."

त्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, मळ्यात, पाच बायका होत्या. पाठीवर टोपल्या, कमरेत वाकलेल्या. मी वर्षानुवर्षं ते चित्र बघत होते, पण बायका पाच आहेत हे मला आत्यानं मोजून दाखवलं तेव्हा कळलं. एकदा जेवता जेवता ती घास हातात धरून थांबली. "दौलू, ह्या बायकांना तोंडं न्हाईत व्हय रं?"

आण्णा उठले, जवळ गेले. खरंच, तोंडाच्या जागी नुसता तपकिरी फराटा होता. म्हणाले, "लांबच्या हाईत आक्का. लांबचं मानूस बारीक दिसतं, पेंटर तितं लई कारागिरी करत न्हाय."

"कुत्र्याला हाय की तोंड."

आण्णांनी कुत्र्याकडे बघितलं. कुत्रं व्हरांड्याच्या खाली त्या बायकांच्या शेजारीच बसलं होतं, त्यांच्याइतकंच लहान, आणि त्याला डोळे होते, कान होते, नाकावर पांढरा ठिपका देऊन ओलसर चकाकीसुद्धा आणली होती. आत्यानं घास तोंडात घातला आणि विषय संपला. तिच्यापुरता संपला. आण्णा मात्र त्या दिवशी हात धुऊन पुन्हा चित्रापाशी जाऊन बसले.

मी पुढे ड्रॉईंग टीचर झाले. ट्रेनिंगला असताना कॉलेजच्या लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक हाती आलं, त्यात आमच्या साहेबाचे सगळे भाऊबंद होते. कुणी उसाच्या शेतात घोड्यावर, कुणी बंदरावर बोटीत कापसाच्या गाठी चढताना बघत उभा, कुणी चहाच्या मळ्यात. साहेबाच्या देशात असली चित्रं रस्त्यात, स्टेशनात, शाळांच्या वर्गांतून लावायचे. आपल्या लोकांना सांगायचं की तिकडं जा, जमीन आहे, ऊन आहे, राबायला माणसं आहेत. जाणार नसाल तर निदान तिकडचा चहा प्या, तिकडचा माल घ्या, म्हणजे आपलं राज्य भरभराटीला येईल. आमच्या भिंतीवरच्या इंग्रजी अक्षरांचा मतलबही तोच होता हे मला तेव्हा कळलं. चित्रकार हाताचे पक्के होते, हे कबूल करायलाच हवं. कुत्र्याच्या नाकाची ओल ज्याला जमते त्याला बाईचं तोंड जमलं नसतं होय? जमलं असतं. पण तोंड काढलं की ही कोण, हिचं नाव काय, ही जमीन आधी कुणाची, असलं सगळं बघणाऱ्याच्या मनात येणार, आणि मग त्या खुर्चीत बसायला कोण जाईल? मी वर्गात पोरांना हे सांगत असे. फार रंगवून सांगत असे. पोरं माना डोलवायची. यापुढचं मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही, ते इथं लिहायला बसले आहे.

आण्णा गिरणी सुटल्यावर पाट्या रंगवायचे. किराणा दुकानाच्या, सायकल दुकानाच्या, रिक्षांच्या. त्यांच्या हाताचं सगळ्यात जास्त कौतुक होतं इब्राहिमचाचांना. त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि त्या काळी फोटो स्टुडिओ म्हणजे पडदा. गिऱ्हाईकाच्या मागे कापडावर रंगवलेला देखावा असायचा. चाचांच्या पडद्यावर एक महाल होता, त्याचे खांब पोपडे धरून गळायला लागले होते. चाचा आण्णांना म्हणाले, "दौलत, नया कुछ मार रे. ये महल देख देख के लोगां बेजार हो गए."

आण्णांच्या डोक्यात काय आलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मांजरपाट आणला, अंगणात बांबूवर ताणला, सरस आणि खडूची पूड कालवून त्यावर हात दिला, आणि वाळल्यावर कोळशानं आखायला लागले. बघते तर आमचाच व्हरांडा! तीच पायरी, तेच टेबल, तीच किटली, मागे तोच मळा. फक्त साहेब नाही, मड्डम नाही, पोरं नाहीत. वेताची खुर्ची रिकामी. मी म्हटलं, "आण्णा, माणसं कुठं गेली?" तर म्हणाले, "गेली की आपल्या देशाला. आता आपली बसतील." पडद्यासमोर त्याच जागी खरीखुरी वेताची खुर्ची ठेवायची होती. ज्याला फोटो काढायचा तो येऊन साहेबाच्या जागेवर बसणार. मला इतका आनंद झाला की मी अंगणात नाचले.

आणि कोपऱ्यातल्या पाच बायका त्यांनी पुढं आणल्या. मोठ्या केल्या. चार जणी वाकलेल्या, पण मान वर करून बघणाऱ्या. एक आमची आई, दोघी शेजारणी, आणि एक त्यांनी आठवणीतून काढलेली त्यांची आई. पाचवी सरळ उभी, टोपली कमरेवर घेतलेली. ती आत्या. तिचं तोंड काढायला त्यांनी दोन रविवार घेतले. आत्याला अंगणात पाटावर बसवलं, तर ती एक मिनिट गप्प बसेल तर शपथ. "दौलू, दात दिसतुय का रं? दात नको दावूस." "गप बस आक्का, व्हट हलतुया तुजा." "मंग हलंल न्हाई तर काय, जित्ती हाय मी." आई आतून धपाटे आणि दही घेऊन यायची, की पुन्हा काम बंद. आण्णा वैतागायचे आणि हसायचे. पडदा मात्र त्यांनी तिला बघू दिला नाही. स्टुडिओत टांगल्यावर, दिवे लावून, तिथंच दाखवायचा असं ठरलं होतं. आणि चाचांनीही कबूल केलं होतं की त्या दिवशी आत्याला खुर्चीत बसवून फोटो काढायचा, मागे तिचंच चित्र येईल असा. आत्याचा जन्मात एकही फोटो निघालेला नव्हता. लग्नातसुद्धा नाही. "म्हंजी मी दोनदा दिसनार व्हय?" असं तिनं तीन-चार वेळा तरी विचारून घेतलं.

पडदा टांगला तेव्हा चाचा म्हणाले, "इत्ता हरा कायकू मारा रे? फोटू में तो सब कालाच आता ना." आण्णा म्हणाले, "फोटोत काळं येऊ द्या. मानूस बसायला येतं तवा डोळ्यानं बघतं की." आणि खरंच, लोक यायला लागले. नवी नवरा-नवरी, रिक्षावाले, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, विणकरांची अख्खी कुटुंबं. येईल तो आधी खुर्चीला हात लावून बघायचा आणि मग पाठ ताठ करून बसायचा. आत्या तेवढी राहिली होती; शेंगांची काढणी चालू होती, त्या दिवसांत तिला बाजारालाही यायला सवड नव्हती. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. आमच्या घरातली कॉलेजला जाणारी पहिलीच. दुपारी वर्ग सुटले की स्टुडिओत जायची, कारण सरसाचा रंग ताणामुळे कुठं कुठं उडायचा, तो भरायचं काम आण्णांनी मला दिलं होतं.

अशाच एका दुपारी माझ्या वर्गातली नंदिनी तिच्या आईबरोबर आली. स्थळांना पाठवायचा फोटो काढायचा होता. नंदिनी चांगली मुलगी होती, हे आधी सांगते. माझ्याशेजारी बसायची, डबा वाटून खायची. तिला कॉलेजात माझ्याबद्दल एवढंच माहीत होतं की माझे वडील आर्टिस्ट आहेत. हा शब्द मीच तिला सांगितलेला. ती खुर्चीत बसली, चाचांनी दिवा सारखा केला, आणि तिची आई पडद्याजवळ जाऊन बघत म्हणाली, "अगंबाई! ही भामा की! आपल्या वळसंगच्या शेतावर येते ती! अगदी हुबेहूब. नंदू, बघ ना." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही ओळखता का हिला?"

माझ्या हातात ब्रश होता. मी म्हटलं, "नाही हो. चित्रातली बाई आहे."

"कमाल आहे. अगदी तिच्यासारखीच. पण बाई, ही नेमकी मुलीच्या खांद्यामागे येतेय. स्थळाकडची माणसं काय म्हणतील, मागे कोण उभी आहे?" चाचांनी खुर्ची दुसऱ्या बाजूला सरकवली. फोटो निघाला. जाताना नंदिनी म्हणाली, "उद्या भेटू गं." तिच्या मनात काही नव्हतं. जे होतं ते सगळं माझ्या मनात होतं. वळसंगला बाजार करून जाणारी आत्या, "माझी भाची कालेजात जाती" असं रानभर सांगणारी आत्या, ही आज ना उद्या त्यांना सांगणारच की माझ्या भावाचं घर कुठं आणि भाचीचं नाव काय. मग नंदिनीला कळणार की मी तोंडावर खोटं बोलले. आणि त्याहून मोठं, म्हणजे तेव्हा मला मोठं वाटलेलं, की आमची आत्या त्यांच्या शेतात वाकते. किती क्षुद्र होते मी! पण त्या वयात ते क्षुद्र वाटत नाही, जीव जाईल असं वाटतं.

चाचा नमाजाला आणि जेवायला गेले. दार पुढं ओढून गेले. मी हिरवा रंग कालवला. पिवडी, नीळ, जरा काजळी, त्यात गरम सरस. आत्या तिथं दिसलीच नाही तर निदान पुन्हा कुणी विचारणार नाही, असं वाटलं, म्हणून आधी एकटी तिलाच झाकणार होते. पण एकच झुडूप विचित्र दिसायला लागलं म्हणून शेजारी दुसरं काढलं. मग तिसरं. आई, शेजारणी, आण्णांची आई, सगळ्या पानांखाली गेल्या. वरून लाल फुलं दिली. अर्धा तासही लागला नसेल. मागे सरून बघितलं तर कोपरा सुरेख दिसत होता, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. चाचा परत आले, कोपऱ्याकडे बघत उभे राहिले, माझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणाले, "तेरे आण्णा कू पूछी थी?" मी म्हटलं, "त्यांनीच सांगितलं." झालं, दुसरं खोटं. सरसाच्या रंगाचं असं असतं की वरचा थर काढायला पाणी लावलं की खालचाही त्याच्याबरोबर विरघळतो. मला हे चांगलं ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी आत्या आली ती नवं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून, कपाळ घासूनपुसून. पिशवीत चाचांसाठी ओल्या शेंगा. आण्णांनी गिरणीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. आत्या म्हणाली, "तुज्याबिगर काय बघायचं? चल." वाटेत ती भेटेल त्याला सांगत होती, "फोटू काढाया चाललोय." मी मागे मागे चालत होते. वाटेतच सांगून टाकावं, असं चार वेळा मनात आलं. चारही वेळा तोंड उघडलं नाही.

चाचांनी दिवे लावले. आण्णा पुढं झाले, आणि तिथंच थांबले. त्यांना आधी काही कळलंच नाही. कोपऱ्याजवळ गेले, बोटानं पान खरवडून बघितलं, बोटाला हिरवं लागलं. "हे कुणी केलं?" आवाज चढलेला नव्हता. चाचा माझ्याकडे बघत होते. आत्या पदर सावरून मध्येच उभी होती. तिनं पडद्याकडे बघितलं, आण्णांच्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं तोंड कसं झालं होतं मला माहीत नाही, पण तिला सगळं वाचता आलं. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला.

"मीच सांगितलं तिला," आत्या म्हणाली.

"काय?"

"मागल्या बाजारी मी हितं येऊन बगून गेले. तू कामावर हुतास. मला न्हाय आवडलं दौलू. हे काय माजं थोबाड, समद्या गावानं बगायचं? मीच म्हनलं पोरीला, झाकून टाक बाई."

आण्णा तिच्याकडे बघत राहिले. असे दुखावलेले ते मी पुन्हा कधी बघितले नाहीत, गिरणी बंद पडली तेव्हाही नाही. "मला सांगायचं की आक्का. दोन ऐतवार बसलो मी." मग माझ्याकडे वळले. "खरं का गं सुमे?"

मी म्हटलं, "हो."

एक अक्षर. त्याच्याआधी मी जे केलं त्याला पोरवय म्हणून सोडून देता येईल, मी स्वतःला तसं सोडलंही आहे. ह्या अक्षराला सोडता येत नाही. बारशाला माझ्या कानात माझं नाव घालणारी ती बाई, तिनं माझ्यासाठी स्वतःच्या तोंडाला थोबाड म्हटलं, आणि मी त्यावर हो म्हटलं.

चाचांनी वातावरण सांभाळायला म्हटलं, "चलो, फोटू तो निकालेंगे. आओ आपा, बैठो." आत्या म्हणाली, "नगं. मला फोटू-बिटू न्हाय आवडत." आता दुसरं काय म्हणणार? तोंड आवडत नाही म्हटल्यावर त्याचा फोटो तरी कसा काढून घेणार? आण्णा म्हणाले, "नको तर नको," आणि ब्रशांची पिशवी उचलून बाहेर पडले. पुढं आत्यासमोर त्यांनी कधी कागद-पेन्सिल हातात धरली नाही. कुणी फोटोची गोष्ट काढली की म्हणायचे, आक्काला विचारू नका, तिला आवडत नाही. आत्या पदर तोंडाला लावून हसायची आणि विषय बदलायची. दर बाजारी येतच राहिली. माझ्याशी तिनं एक तसूही वेगळं वागून दाखवलं नाही, आणि तेच मला सोसवायचं नाही.

तो पडदा वीस-बावीस वर्षं चालला. त्या झुडपांसमोर अर्धं सोलापूर बसलं असेल. लोक म्हणायचे, फुलं काय सुरेख काढलीत. आमचाही एक फोटो आहे त्याच्यासमोरचा, मी पहिल्या पगारात सगळ्यांना घेऊन गेले तेव्हाचा. साहेबाच्या जागी आण्णा, शेजारी आई, मागे मी. आत्या घरी राहिली होती, म्हणे भाकऱ्या करायच्या आहेत. मला आता कुणी विचारलं की तुम्ही शिकवता ती जुनी जाहिरातीची चित्रं, त्यात एवढं वाईट काय होतं, तर मी पुस्तकातलं उत्तर देते. खरं उत्तर त्या फोटोत माझ्या डाव्या खांद्यामागे आहे.

आत्या गेली तेव्हा वळसंगला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. टेबलावर बुद्धाची मूर्ती, फुलं, मेणबत्त्या, आणि गेलेल्या माणसाचा फोटो ठेवायचा असतो तिथं काही नाही. भिक्खूंनी विचारलं, फोटो? आण्णा म्हणाले, "तिला आवडत नव्हतं." शेवटी तिथं तिचं घडी घातलेलं लुगडं ठेवलं. सगळे जण ठरल्याप्रमाणे त्याला फूल वाहून गेले. मी वाहिलं. तेव्हा आण्णा माझ्या शेजारीच बसले होते, त्यांना मोतीबिंदू झाला होता, माझा हात धरून बसले होते. एवढ्या जवळ होते. मी बोलले नाही. मला सबब होती. त्या दिवशी, पडदा बघून परतताना, आत्यानंच मला सांगितलं होतं, "दौलूला बोलू नगंस हां. त्यो जिवाला लावून घील." ती सबब मी आण्णा जाईपर्यंत पुरवून वापरली. शेवटच्या आजारपणात एकदा ते आपणहून म्हणाले, "आक्काचं तोंड मला चांगलं साधलं हुतं. पर तिलाच ते आवडलं न्हाय. बाईला सोताचं तोंड आवडू नये, किती वंगाळ गं." मी त्यांच्या तोंडात चमच्यानं पेज घालत होते. चमचा भरला आणि पुढं केला.

आण्णा, आता तुम्ही नाही, म्हणून हे सांगायला मला धीर आला आहे. एवढाच माझा धीर. तिला आवडलं नाही, असं झालं नाही. तिनं ते बघितलंच नव्हतं. मागल्या बाजारी ती आलीच नव्हती. त्या संध्याकाळी तुम्ही पुढं निघून गेलात, मी तिला स्टँडवर सोडायला गेले. तुम्हाला बोलू नकोस म्हणाली ती तिथंच. मग गाडीत चढली, खिडकीपाशी बसली. मी खाली उभी होते, मान खाली घालून. कंडक्टरनं घंटी दिली. तिनं खिडकीतून वाकून मला जवळ बोलावलं, आजूबाजूच्या बायका ऐकतील म्हणून आवाज बारीक केला, आणि विचारलं, "सुमे, मी दिसत कशी हुते गं त्याच्यात?"

मी म्हटलं, "छान."

"दात?"

"दात नव्हता दिसत."

ती खूश झाली आण्णा. हाताच्या पंजानं तोंड झाकून हसली, आणि गाडी वळसंगच्या रस्त्याला लागली.